दाव्याचा निकाल आणि नोकरीचे वय

महाराष्ट्र शासनाने बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, बिदर, भालकी या टापूतील ८६५ गावांवर हक्क सांगून सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. आणि त्या वर्षी बेळगावच्या शहापुरात, खानापूरच्या जंगलालगतच्या एखाद्या खेड्यात किंवा निपाणीच्या विडीकामगारांच्या वस्तीत जी मुले जन्मास आली, ती आज पदवीची प्रमाणपत्रे पिशवीत घालून एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत दाखले गोळा करीत हिंडत आहेत. दाव्याला तारखा पडतात, परंतु त्या कितीही पडल्या तरी दाव्याचे वय उलटत नाही. उमेदवाराचे मात्र उलटते. महाराष्ट्रात खुल्या गटातील उमेदवाराला शासकीय सेवेत शिरण्याची मुदत सर्वसाधारणपणे वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत असते, आणि न्यायप्रविष्ट प्रदेशात जन्मलेल्याने निकालाची वाट पाहण्यात घालवलेली वर्षे त्यातून वजा करावीत, असा नियम कोणत्याही सरकारने केलेला नाही.

सीमाप्रश्नातील न्यायान्यायाची चर्चा येथे करावयाची नाही. १९६७ च्या महाजन अहवालाने, जो महाराष्ट्राने अमान्य केला आणि कर्नाटकाने उचलून धरला, त्या अहवालानेच निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले होते, आणि तरीही निपाणी आजतागायत कर्नाटकातच आहे, एवढे एक उदाहरण या प्रश्नाचा गुंता कळण्यास पुरेसे आहे. मला सांगावयाचे आहे ते निराळेच. सीमाभागातील मराठी तरुणाने आपल्या उपजीविकेचा विचार या निकालाशी बांधून ठेवू नये. आणि कन्नड भाषेचे लिखित, कचेरीत चालेल असे ज्ञान त्याने स्वतःच्या इच्छेने, संकोच न बाळगता, नोकरी शोधण्याच्या वयाआधीच मिळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेळगावच्या मराठी मुलाला कन्नड येत नाही, हा समज पुण्या-मुंबईकडे फार दृढ आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. रविवार पेठेतील अडत्याच्या दुकानात, बसस्थानकावर, चिकोडीच्या बाजारात हा मुलगा सहजगत्या कन्नड बोलतो, भाव पाडतो, प्रसंगी भांडतोही. शाळेत दहावीपर्यंत तो ती लिपी शिकलेला असतो, परीक्षेपुरता धडा पाठ केलेला असतो, आणि निकाल लागल्यावर ते पुस्तक माळ्यावर टाकून मोकळा झालेला असतो. त्याला जमत नाही ते कन्नडमध्ये टिपणी लिहिणे, दीर्घ उताऱ्याचा गोषवारा काढणे, वरिष्ठांस पत्र धाडणे. आणि कर्नाटक लोकसेवा आयोग नेमके हेच विचारतो. तेथे सक्तीच्या कन्नड प्रश्नपत्रिकेत उत्तीर्ण झाल्यावाचून बाकीच्या विषयांतील गुणांना किंमत नसते. जो मुलगा सामान्यज्ञानात, गणितात, इंग्रजीत चिकोडीच्या किंवा गोकाकच्या उमेदवाराहून तसूभरही कमी नसतो, तो या एका कागदावर अडतो, आणि मग सगळ्या जागा अगोदरच वाटून टाकलेल्या असतात अशी स्वतःची समजूत घालून घेतो.

यावर हरकत घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची हरकत झटकून टाकण्याजोगी नाही. ज्या घरात १७ जानेवारीला सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन केल्यावाचून दिवस पुढे सरकत नाही, ज्या घरातील वडीलधाऱ्यांनी १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या आणि गोळीबारात माणसे पडल्याचे पाहिले, त्या घरातील मुलाने हौसेने कन्नडचा अभ्यास करणे ही त्या बलिदानाशी प्रतारणा होय, अशी भावना तेथे अद्याप जिवंत आहे. या भावनेपुढे मी नम्र आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. ते आंदोलन सक्तीच्या विरोधात होते, आणि सक्तीला विरोध करणे आजही कर्तव्यच आहे. ज्या प्रदेशात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असेल तेथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, हे संरक्षण देशाने मान्य केलेले आहे, आणि मराठी परिपत्रकांची मागणी त्याच आधारावर उभी आहे. ती सोडण्याचे यत्किंचितही कारण नाही. परंतु विचार करावा की, मराठीतील अर्ज ज्या मेजावर जाऊन पडतो त्या मेजामागे मराठी वाचता येणारा कारकून बसलेलाच नसेल, तर त्या परिपत्रकांचा अंमल करणार कोण? मराठी माणूस कचेरीत शिरला पाहिजे, आणि शिरण्याची वाट आजच्या घटकेस कन्नड प्रश्नपत्रिकेतून जाते. मोर्चात चालणे आणि त्या परीक्षेला बसणे या दोन गोष्टी एकाच तरुणाने केल्या तर त्यात विसंगती कोणती, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

इतिहासाने येथे एक उलटी बाजूही दाखविली आहे, तिचे स्मरण आपल्याला सोयीचे नसले तरी उपकारक आहे. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात, म्हणजे धारवाड-बेळगावकडे, कचेऱ्यांचे व शाळांचे कामकाज दीर्घकाळ मराठीत चालत असे; दफ्तरे मोडीत लिहिली जात; आणि शिरस्तेदारी, मामलेदारी तर दूरच, साध्या कारकुनीची आकांक्षा धरणाऱ्या कन्नड मुलालाही मराठी आत्मसात करावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कन्नड शाळांसाठी जी चळवळ झाली, ती या अवस्थेची प्रतिक्रिया होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पोटासाठी मराठी शिकली त्यांच्या नातवंडांच्या राज्यात आपण आज पोटासाठी कन्नड शिकणार असू, तर त्यात मानखंडना मानण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

आणि व्यक्तींचीच उदाहरणे हवी असतील तर तीही दूरची नाहीत. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कन्नडचे महाकवी झाले, त्यांना ज्ञानपीठ मिळाले, आणि १९४४ ते १९५६ या काळात त्यांची उपजीविका चालली ती सोलापुरात, दयानंद महाविद्यालयात कन्नड शिकवून. इकडे बेळगावात वाढलेल्या जी. ए. कुलकर्णींनी धारवाडच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकविली आणि कथा लिहिल्या त्या मराठीत. चरितार्थाची भाषा एक, अंतःकरणाची दुसरी, आणि दोन्हींशी इमान शाबूत: ही रीत या मातीत नवी नाही.

आता थोडे व्यवहाराकडे वळू, कारण उपदेशाने अर्ज भरले जात नाहीत. टपाल खात्यातील ग्रामीण डाकसेवकाची भरती पाहावी. तेथे लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या गुणांवर यादी लागते. अट एवढीच की, ज्या राज्यातील जागा असेल तेथील भाषा उमेदवाराने दहावीपर्यंत शिकलेली असली पाहिजे: कर्नाटकात कन्नड, महाराष्ट्रात मराठी. बेळगावातील मराठी माध्यमाच्या शाळेतून मराठी व कन्नड हे दोन्ही विषय घेऊन चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या मुलीपुढे म्हणून दोन राज्यांची दारे उघडी असतात, आणि हे भाग्य सांगलीच्या किंवा हुबळीच्या मुलीला लाभत नाही. याउलट, प्रतिष्ठेपायी पोराला केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळेत घालून, मराठी घरी येतेच आणि कन्नडचे काय करायचे म्हणून हिंदी व संस्कृत घेऊ देणाऱ्या पालकांनी त्या मुलाच्या हातून दोन्ही दारांच्या किल्ल्या काढून घेतलेल्या असतात. ज्यांना तीन भाषा बोलता येतात आणि धड एकीतही अर्ज लिहिता येत नाही, असे तरुण या शहरात विपुल झाले आहेत.

ग्रामीण बँकांची गोष्टही अशीच आहे. त्यांच्या प्रवेशपरीक्षा २०१९ पासून १३ प्रादेशिक भाषांत देता येतात, त्यांत मराठी आणि कन्नड या दोन्ही आल्या. परंतु ज्या राज्यासाठी अर्ज करावा तेथील भाषा येणे आवश्यक मानले जाते. जो उमेदवार दोन्ही भाषांत समर्थ आहे तो जाहिरात निघाल्यावर दोन्ही राज्यांतील जागांची संख्या पाहून राज्य निवडू शकतो. एकभाषिक उमेदवाराला निवडच नसते. केंद्र सरकारच्या इतर कित्येक नोकऱ्यांत तर राज्यभाषेची अडचणही नाही. स्टाफ सिलेक्शन कमिशनने २०२३ पासून मल्टी टास्किंग स्टाफची परीक्षा मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत घेण्यास सुरुवात केली, आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाईभरतीलाही २०२४ पासून हीच सवलत लागू झाली. कन्नड सक्तीच्या नावाने रात्रंदिवस बोटे मोडणारा तरुण ही मराठीतून देता येणारी परीक्षा देत नाही, याचे कारण भाषा नसून आळस आहे, असे कठोर वाटले तरी म्हणणे भाग आहे.

येथे दोन सरकारांच्या नियमांतील एक साम्य मौजेचे आहे. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील मराठी उमेदवारांना आपल्या नोकऱ्यांसाठी पात्र मानले आहे. त्यासाठी ८६५ गावांपैकी एखाद्यात १५ वर्षांचे वास्तव्य असल्याचा दाखला लागतो. आणि कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये खाजगी कारखान्यांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के व अन्य ७० टक्के जागा स्थानिकांना देणारे जे विधेयक मंजूर केले, आणि उद्योजकांनी ओरड करताच दोन-तीन दिवसांत बासनात बांधून ठेवले, त्यातही स्थानिक म्हणजे राज्यात जन्मलेला, १५ वर्षे राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा अशीच व्याख्या होती. दहावीला कन्नड विषय नसेल तर त्याने त्या भाषेची चाचणी द्यावी, असेही तेथे लिहिले होते. ते अमलात आले तर सीमेवरील शिनोळीच्या अलीकडे राहणारा मुलगा १५ वर्षांच्या एकाच वास्तव्याच्या बळावर दोन्ही राज्यांत स्थानिक ठरू शकतो. फरक पडतो तो कन्नड लिहिण्याने. ते विधेयक आज थंड आहे म्हणून उद्या तापणार नाही, अशी खात्री कोणी देऊ नये. १९८० च्या दशकातील सरोजिनी महिषी समितीपासून ही मागणी दर काही वर्षांनी डोके वर काढीत आली आहे.

महाराष्ट्राच्या सवलतीविषयी मात्र दोन शब्द तिखट लिहिले पाहिजेत. जाहिरातीच्या तळाशी ८६५ गावांचे कलम छापले की आपले कर्तव्य संपले, अशी मंत्रालयाची समजूत दिसते. ज्या तहसीलदारास हा दावाच मान्य नाही, त्याच्या अमलाखालील गावात राहून तो वास्तव्याचा दाखला विहित नमुन्यात मिळविणे किती कष्टाचे असते, याचा विचार तो नमुना ठरविणाऱ्याने केलेला नसावा. शाळेचा दाखला, मतदारयादीतील नोंद, शिधापत्रिका, घराचा किंवा जमिनीचा उतारा हे कागद एकत्र पाहून वास्तव्य ग्राह्य धरणारा अधिकारी महाराष्ट्राने कागल, चंदगड किंवा कोल्हापुरात बसविला, तर सीमाबांधवांविषयीच्या भाषणांहून त्याचा उपयोग अधिक होईल. तो बसेपर्यंत उमेदवाराने स्वतःच शहाणे व्हावे: जाहिरात निघाल्यावर दाखल्यासाठी धावण्यापेक्षा हे कागद पदवीच्या दुसऱ्या वर्षीच जमवून, नावाचे स्पेलिंग सर्वत्र एक आहे की नाही हे पाहून ठेवावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर कन्नड उच्चाराप्रमाणे वळण घेतलेले आडनाव आणि आधारपत्रावर मराठी वळणाचे, एवढ्या भेदाने चांगल्या मुलांचे अर्ज अडकून पडतात.

कर्नाटकातील हक्काच्या सवलतीही आमची मुले पुरत्या वापरत नाहीत. मराठा समाज तेथे मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात येतो. जात-उत्पन्नाचा तो दाखला नाडकचेरीतून वेळीच काढला नाही म्हणून मुलगा निष्कारण सर्वसाधारण यादीत झगडत राहतो. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी सरळ भरतीत निराळा वाटा आहे, आणि तो शाळेच्या माध्यमावर नसून शाळेच्या ठिकाणावर अवलंबून असतो. कन्नड माध्यमाचा ५ टक्क्यांचा वाटा आपल्याला मिळत नाही, याची तक्रार करताना गावच्या मराठी शाळेने दिलेला हा दुसरा हक्क विसरला जातो.

सरकारी नोकरीचा एवढा विस्तार केला, तो तिला मी श्रेष्ठ मानतो म्हणून नव्हे. तीत घोळ अधिक आहेत म्हणून. उद्यमबागेत आणि मच्छे वसाहतीत ओतकाम, यंत्रभाग व हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत, हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग घडविले जातात, उत्तरेस कागलची पंचतारांकित वसाहत आहे, आणि या साऱ्यांना माणूस हवा असतो तो ड्रॉइंग वाचणारा, मायक्रोमीटर हाती धरता येणारा, सीएनसी यंत्रावर पाळीची नोंद बिनचूक ठेवणारा. उद्यमबागेतच सरकारी टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटर आहे. तेथे टूल अँड डाय मेकिंग शिकलेल्या मुलाला तीन वर्षांची सामान्य पदवी घेतलेल्या त्याच्या भावापेक्षा काम लवकर मिळते, हे बेळगावात सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही सर्वांना मुलगा पदवीधरच हवा असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून या शहरात असल्याने पलटणीत जाण्याची परंपरा घराघरांत आहे. परंतु २०२२ च्या अग्निपथ योजनेने ती नोकरी बहुतेकांसाठी चार वर्षांची केली आणि जास्तीत जास्त चतुर्थांश जवानांनाच पुढे ठेवण्याचे ठरविले, तेव्हा पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या मुलाने पाचव्या वर्षाचाही विचार आताच करावा.

निपाणीची स्थिती बेळगावाहून निराळी आहे आणि तिचा विचार निराळाच व्हावयास हवा. या गावाचा संसार तंबाखूने चालविला. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूउत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर रस्ता २४ दिवस रोखून धरला आणि पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी प्राणास मुकले, हे सर्वश्रुत आहे. त्या तंबाखूच्या वखारींत आणि घरोघरच्या सुपांतून हजारी मजुरीवर विड्या वळणाऱ्या स्त्रियांची कथा मात्र तितकी बोलली जात नाही. त्यांच्या मुली आता विड्या वळण्यास तयार नाहीत, आणि ते इष्टच आहे. यांच्यापैकी ज्या मुली निपाणीच्या वेशीला लागून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जातात, त्या राहतात कर्नाटकात आणि शिकतात महाराष्ट्रात; त्यांच्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची मुद्रा असते. दोन राज्यांच्या परीक्षा, दोन राज्यांच्या बँका, परिचारिका-शिक्षणाच्या दोन राज्यांतील संस्था त्यांच्या बसच्या टप्प्यात आहेत. त्यांना उणे आहे ते कोणती जाहिरात केव्हा निघते हे वेळीच सांगणाऱ्या माणसाचे. मुलाच्या कानावर ही बातमी चहाच्या टपरीवर येते. मुलीच्या कानावर ती मुदत संपल्यावर येते. महाविद्यालयाने फलक लावला, आणि त्या फलकावर कर्नाटकाची जाहिरात कन्नडमध्ये व महाराष्ट्राची मराठीत रोज लिहिली, तर यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज पडणार नाही.

एका गोष्टीविषयी सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. बंगळूरला आपला माणूस आहे, इतके लाख द्या, जागा पक्की, असे सांगणारे दलाल सीमाभागात मराठीही गोड बोलतात. कर्नाटकात ५४५ पोलीस उपनिरीक्षकांची परीक्षा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली, गैरप्रकार उघडकीस आल्यावर २०२२ मध्ये ती रद्द झाली, आणि फेरपरीक्षेला २०२४ उजाडले. ज्यांनी पैसे दिले ते तुरुंगाच्या वाटेला लागले, आणि ज्यांनी दिले नव्हते त्यांचीही वर्षे त्यात गेली. शेतीचा तुकडा विकून वशिला विकत घेणाऱ्या बापाला हे उदाहरण कोणीतरी वाचून दाखवावे.

बेळगावात मराठी वाचनालये आहेत, शिक्षणसंस्था आहेत, गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळे आणि तालमी आहेत. निपाणीतही त्यांची वाण नाही. त्यांना माझी विनंती अशी की, येत्या जूनपासून प्रत्येक मोठ्या संस्थेने आपल्या एका खोलीत संध्याकाळी दीड तास कार्यालयीन कन्नड लेखनाचा वर्ग चालवावा, शिकविण्यास निवृत्त कन्नड शिक्षकाला मानाने बोलवावे, फी नाममात्र ठेवावी, आणि त्याच खोलीच्या भिंतीवर दोन्ही राज्यांच्या जाहिराती लावाव्यात. खर्चाचे म्हणाल तर तो उत्सवाच्या एका रात्रीच्या रोषणाईहून कमी होईल. पहिल्या वर्षी वर्गात दहाच मुले आली तरी वर्ग बंद करू नये.